रोमन सम्राज्ञींची रौप्य नाणी : संग्रह, अर्थवाचन आणि संग्राहकाची जबाबदारी

प्रस्तावना :

नाणे हे विनिमयाचे साधन असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते एक शासकीय दस्तऐवजही असते. ग्रंथ नष्ट होतात, शिलालेख फुटतात, राजाज्ञा जळून जातात. मात्र हजारोंच्या संख्येने पाडलेले नाणे कोठे ना कोठे टिकून राहते. प्राचीन रोमच्या इतिहासात या विधानाचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. रोमन साम्राज्यात स्त्रीला कोणतेही शासकीय पद भूषविता येत नव्हते, सिनेटमध्ये बसता येत नव्हते आणि सैन्याचे आधिपत्यही करता येत नव्हते. असे असूनही सम्राटांच्या पत्नी, माता, भगिनी व कन्या यांच्या मुखाकृती असलेली चांदीची नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंत सातत्याने पाडली गेली. सत्तेचे पद नसलेल्या स्त्रीची प्रतिमा सत्तेच्या सर्वांत प्रभावी माध्यमावर का यावी, हा प्रश्न राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व स्त्री-अभ्यास या सर्वच विद्याशाखांना विचार करावयास लावणारा आहे.

या नाण्यांच्या संग्रहाचा छंद युरोपात जुना आहे. एनिया विको या इटालियन उत्कीर्णकाराने रोमन सम्राज्ञींच्या प्रतिमांना वाहिलेला एक स्वतंत्र ग्रंथ इ.स. १५५७ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आधार नाणी हाच होता. म्हणजे ‘सम्राज्ञींची माला पूर्ण करणे’ ही संग्राहकाची आकांक्षा साडेचारशे वर्षांहून अधिक काळ जिवंत आहे. ही आकांक्षा ज्ञानाला कोठे साहाय्यभूत ठरते आणि कोठे मारक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१. रोमन रौप्य नाण्यांवरील सम्राज्ञींच्या प्रतिमांची परंपरा थोडक्यात स्पष्ट करणे.
२. थोरली फॉस्टिना, धाकटी फॉस्टिना आणि ज्यूलिया डॉम्ना या तीन सम्राज्ञींच्या नाण्यांचे अर्थवाचन करणे.
३. सम्राज्ञींच्या नाण्यांच्या कालनिश्चितीतील विशेष अडचणी मांडणे.
४. संग्राहकाने व महाविद्यालयीन संग्रहांनी पाळावयाची पथ्ये सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो प्रकाशित नाणकशास्त्रीय अभ्यासावर आधारित आहे.

डिनारियस : स्वरूप व मूल्य

रोमच्या प्रमुख रौप्य नाण्याचे नाव ‘डिनारियस’. दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात, सुमारे इ.स.पू. २११ मध्ये, ते प्रथम पाडण्यात आले. आपल्याकडील संस्कृत साहित्यात व ताम्रपटांत येणारा ‘दीनार’ हा शब्द याच नावापासून आला आहे. फरक इतकाच की, आपल्याकडे तो सोन्याच्या नाण्याला लावला गेला. पंचवीस डिनारियस म्हणजे एक ‘ऑरियस’ हे सुवर्णनाणे, आणि एक डिनारियस म्हणजे चार ‘सेस्टर्शियस’ असे प्रमाण होते. ऑगस्टसच्या काळात पायदळातील सामान्य सैनिकाचे वार्षिक वेतन २२५ डिनारियस होते. डोमिशियनने ते ३०० वर नेले. यावरून या नाण्याचे सर्वसामान्यांच्या व्यवहारातील स्थान ध्यानात येते.

सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये नाण्याचे वजन कमी केले. त्यानंतर एका रोमन रत्तलातून ९६ नाणी पाडली जाऊ लागली, म्हणजेच एका नाण्याचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम झाले. चांदीचा कसही पुढे घसरत गेला आणि सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात (इ.स. १९३–२११) तो सुमारे निम्म्यावर आला. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने ‘अँटोनिनियानस’ हे नवे, आकाराने मोठे रौप्य नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट आणि सम्राज्ञीच्या खांद्यांखाली चंद्रकोर दाखविण्याचा प्रघात पडला. सम्राट सूर्य आणि सम्राज्ञी चंद्र, हा संकेत निरक्षर माणसालाही सहज कळणारा होता.

प्रतिमेची परंपरा

रोमच्या नाण्यावर जिवंत व्यक्तीची मुखाकृती येणे हीच मुळात उशिराची घटना आहे. ज्यूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये तो पायंडा पाडला. मार्क अँटनीने इ.स.पू. ३२ च्या सुमारास पाडलेल्या डिनारियसच्या एका बाजूला स्वतः अँटनी व दुसऱ्या बाजूला क्लिओपात्रा आहे. परंतु ती परकीय राणी होती. टायबीरियसच्या विपुल प्रमाणात पाडलेल्या डिनारियसच्या मागच्या बाजूस आसनस्थ स्त्री दिसते. अनेक अभ्यासक तिला सम्राटाची माता लिव्हिया मानतात, मात्र नाण्यावर तिचे नाव नाही.

नाण्यावरील स्थान आणि राजकीय स्थान यांचा संबंध किती निकट होता, हे नीरोची माता धाकटी अग्रिपिना हिच्या उदाहरणावरून दिसते. इ.स. ५४ मध्ये नीरो सिंहासनावर आला, तेव्हाच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर माता व पुत्र समोरासमोर, समान आकारात दाखविलेले आहेत आणि दर्शनी बाजूचा मुद्रालेख मातेचा आहे. पुढच्याच वर्षी, इ.स. ५५ मध्ये, दोन्ही मुखाकृती एकामागे एक आल्या. पुत्र पुढे आला, माता मागे गेली आणि दर्शनी मुद्रालेख पुत्राचा झाला. त्यानंतर तिची प्रतिमा नीरोच्या रोममधील नाण्यांवरून नाहीशी झाली. इ.स. ५९ मध्ये पुत्राच्या आज्ञेने तिची हत्या झाली. इतिहासकारांनी पुढे जे लिहिले, त्याची पहिली नोंद टांकसाळीने आधीच करून ठेवली होती.

ट्रेजनच्या काळातील प्लॉटिना, मार्सियाना व मॅटिडिया यांची रौप्य नाणी दुर्मीळ आहेत. हेड्रियनची पत्नी सबिना हिच्यापासून ही नाणी अधिक नियमित होतात आणि अँटोनिनस पायसच्या काळापासून ती खऱ्या अर्थाने विपुल होतात. येथून पुढच्या तीन सम्राज्ञींचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे.

थोरली फॉस्टिना : मृत्यूनंतरचे अस्तित्व

अँटोनिनस पायस इ.स. १३८ मध्ये सम्राट झाला. त्याच वर्षी त्याच्या पत्नीस ‘ऑगस्टा’ ही पदवी मिळाली. अवघ्या दोन वर्षांत, इ.स. १४० च्या अखेरीस, तिचा मृत्यू झाला. सिनेटने तिला देवत्व बहाल केले आणि रोमच्या फोरममध्ये तिच्यासाठी मंदिर उभारण्यात आले. पुढे पतीचेही नाव त्या मंदिराला जोडले गेले. त्याचे स्तंभ आजही उभे असून आतल्या भागात सान लोरेन्झो इन मिरांडा हे चर्च आहे.

तिच्या हयातीतील डिनारियस तुलनेने थोडे आहेत. तेथील मुद्रालेखांत तिची ओळख बहुधा ‘अँटोनिनसची फॉस्टिना’ अशी, पतीच्या नावासह येते. मृत्यूनंतरच्या नाण्यांची संख्या मात्र प्रचंड आहे. ती पतीच्या राजवटीच्या अखेरपर्यंत, म्हणजे इ.स. १६१ पर्यंत, सुमारे वीस वर्षे पाडली जात होती. त्यांवर ‘डिव्हा फॉस्टिना’, म्हणजे ‘देवत्व पावलेली फॉस्टिना’, असा मुद्रालेख येतो. वेण्या डोक्याभोवती गुंडाळून माथ्यावर घातलेला खोपा ही तिची ओळखीची खूण. मागच्या बाजूस ‘इटर्निटास’ (शाश्वतता), मशाल व धान्याची कणसे धारण करणारी कृषिदेवता सीरीज, तसेच जूनो देवतेचा मोर अशी चिन्हे आढळतात. सम्राटाचा आत्मा गरुड वाहून नेतो आणि सम्राज्ञीचा मोर, अशी रोमन कल्पना होती.

तिच्या काही नाण्यांवर ‘प्युएली फॉस्टिनियानी’, म्हणजे ‘फॉस्टिनाच्या कन्या’, असा लेख आहे. पत्नीच्या स्मरणार्थ अँटोनिनसने इटलीतील गरजू मुलींच्या पोषणासाठी जी योजना सुरू केली, तिचा हा उल्लेख होय. पतिपत्नींतील ऐक्याची देवता ‘कॉन्कॉर्डिया’ हीसुद्धा तिच्या नाण्यांवर येते. ऑस्टिया या बंदरात सापडलेल्या एका शिलालेखानुसार तेथील नवविवाहित जोडप्यांनी या राजदांपत्याच्या वेदीपुढे पूजा करावी, असा ठराव झाला होता. म्हणजे नाण्यावरील कॉन्कॉर्डिया ही केवळ शोभेची आकृती नव्हती. नागरिकांच्या गृहस्थजीवनापर्यंत तो संदेश पोहोचविला जात होता. हयात असताना जिच्याविषयी शासन फारसे बोलले नाही, तिच्याविषयी ते मृत्यूनंतर दोन दशके बोलत राहिले. मृत सम्राज्ञी ही राजवटीच्या दृष्टीने निर्विवाद प्रतीक होती, कारण तिच्याकडून कोणताही धोका संभवत नव्हता.

धाकटी फॉस्टिना : मातृत्वाची जाहिरात

थोरल्या फॉस्टिनाची कन्या धाकटी फॉस्टिना ही मार्कस ऑरेलियसची पत्नी. तिला ‘ऑगस्टा’ ही पदवी इ.स. १४७ मध्ये पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर लगेच मिळाली. पदवीचे निमित्तच मातृत्व होते. पिता हयात असेपर्यंतच्या तिच्या अनेक नाण्यांवर ‘पायस ऑगस्टसची कन्या’ असा निर्देश आहे. पतीचे नाव तेथे येत नाही. मार्कस ऑरेलियस हा अँटोनिनसचा दत्तक पुत्र होता. साम्राज्याचा वारसा रक्ताने पुढे नेणारी व्यक्ती ही कन्याच होती, हे या दोन-तीन शब्दांत नमूद झाले आहे.

तिला तेरा-चौदा अपत्ये झाली. तिच्या डिनारियसवर ‘फेकुंडिटास’ (सुफलता) ही देवता कडेवर व पायांशी मुले घेऊन उभी असते. ‘सेक्युली फेलिसिटास’ (युगाचे सौख्य) या लेखाच्या नाण्यावर आसनावर दोन बालके दिसतात. इ.स. १६१ मध्ये जन्मलेल्या कॉमोडस व त्याच्या जुळ्या भावाशी या नाण्याचा संबंध जोडला जातो. क्लाउस फिट्शेन या जर्मन अभ्यासकाने इ.स. १९८२ मध्ये नाणी व शिल्पे यांची तुलना करून तिच्या प्रतिमांचे नऊ प्रकार निश्चित केले आणि त्यांचा संबंध अपत्यजन्मांशी जोडला. केशरचनेतील बदल हा केवळ अभिरुचीचा भाग नसून तो राजघराण्यातील घटनांशी निगडित होता, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

मात्र नाणे जे सांगत नाही तेही ध्यानात घेतले पाहिजे. तिची निम्म्याहून अधिक अपत्ये बालपणीच दगावली. कॉमोडसचा जुळा भाऊही चार वर्षांचा होऊन गेला. ‘युगाचे सौख्य’ सांगणारी नाणी मात्र त्यानंतरही लोकांच्या हातांतून फिरत राहिली. जन्माची द्वाही नाण्यावरून फिरविली गेली; मृत्यूंविषयी नाणे मौन राहिले.

पतीसमवेत युद्धक्षेत्रात राहिल्यामुळे तिला इ.स. १७४ मध्ये ‘माटर कास्ट्रोरम’, म्हणजे ‘सेनाशिबिरांची माता’, ही नवी पदवी मिळाली. पूर्वेकडील प्रवासात कॅपाडोशियातील हलाला येथे इ.स. १७५–७६ च्या सुमारास तिचे निधन झाले. ही पदवी पुढे राजकीयदृष्ट्या फार मोलाची ठरली.

ज्यूलिया डॉम्ना : पदव्यांचा भार

ज्यूलिया डॉम्ना ही सिरियातील एमेसा (आजचे होम्स) येथील सूर्यपूजक पुरोहित घराण्यातील कन्या. तिचा पती सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. १९३ मध्ये यादवी युद्धातून सत्तेवर आला. आधीच्या राजवंशाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. म्हणून त्याने स्वतःस मार्कस ऑरेलियसचा पुत्र घोषित केले. इ.स. १९५ मध्ये ज्यूलिया डॉम्नाला ‘सेनाशिबिरांची माता’ ही धाकट्या फॉस्टिनाची पदवी देण्यात आली. ‘सेक्युली फेलिसिटास’ हा लेखही तिच्या नाण्यांवर पुन्हा आला. या वेळी तेथे होरसला स्तनपान देणारी इजिप्शियन देवता आयसिस दिसते. जुना लेख आणि नवी देवता यांच्या मेळातून एका परप्रांतीय घराण्याने रोमच्या परंपरेत आपले स्थान मागितले.

तिच्या नाण्यांचे तीन मुख्य कालखंड मुद्रालेखांवरून ओळखता येतात. इ.स. १९३ ते १९६ मध्ये ‘ज्यूलिया डॉम्ना ऑगस्टा’, १९६ ते २११ मध्ये केवळ ‘ज्यूलिया ऑगस्टा’ आणि २११ ते २१७ मध्ये ‘ज्यूलिया पिया फेलिक्स ऑगस्टा’, म्हणजे ‘धर्मशील, भाग्यशाली’ ज्यूलिया, असे लेख येतात. नवशिक्या संग्राहकालाही हे वर्गीकरण सहज करता येते. कपाळापासून मानेपर्यंत शिरस्त्राणासारखी बसणारी जाड लाटांची केशरचना ही तिची खूण असून हा टोप असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

तिसऱ्या कालखंडातील नाणी विशेष विचार करावयास लावतात. सेव्हेरसच्या मृत्यूनंतर कॅराकॅला व गेटा हे दोघे पुत्र संयुक्तपणे सम्राट झाले. इ.स. २११ च्या डिसेंबरात कॅराकॅलाने धाकट्या भावाची हत्या करविली. इतिहासकार कॅसियस डायो याच्या वृत्तांतानुसार गेटाचा मृत्यू मातेच्या कुशीत झाला आणि तिला शोक करण्याचीही मुभा नव्हती. गेटाचे नाव शिलालेखांतून खोडण्यात आले, काही नगरांच्या कांस्य नाण्यांवरून त्याची मुखाकृती छिन्नीने काढून टाकण्यात आली. याच वर्षांत रोमची टांकसाळ त्याच्या मातेला ‘भाग्यशाली’ म्हणत होती. तिच्या काही नाण्यांवर ‘सम्राटांची माता, सिनेटची माता, पितृभूमीची माता’ असा गौरव येतो. पदव्या वाढत गेल्या. ज्या नात्याच्या नावाने त्या दिल्या गेल्या, ते नाते मात्र उद्ध्वस्त झाले होते. इ.स. २१७ मध्ये कॅराकॅलाचीही हत्या झाली आणि त्यानंतर लवकरच अँटिओक येथे तिने देह ठेवला.

या तिन्ही उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. नाणे हे सम्राज्ञीचे चरित्र नसून तिच्याविषयी शासनाने केलेले निवेदन आहे. त्या निवेदनाची ग्रंथ, शिलालेख व शिल्पे यांच्याशी तुलना केली, तरच त्यातील उक्त आणि अनुक्त यांचा अर्थ लागतो.

कालनिश्चितीचा प्रश्न

सम्राटाच्या नाण्यावर बहुधा त्याच्या ‘ट्रिब्यून’ अधिकाराचे वर्ष व ‘कॉन्सल’ पदाचा क्रमांक असतो. त्यावरून ते नाणे कोणत्या वर्षी पाडले हे सांगता येते. सम्राज्ञीला पदच नसल्याने तिच्या नाण्यावर असा क्रमांक येत नाही. सत्तेबाहेर असण्याची ही खूण नाणकशास्त्रातही उतरली आहे. सम्राटाचे नाणे स्वतःची तारीख स्वतः सांगते, तर सम्राज्ञीच्या नाण्याची तारीख भोवतालच्या पुराव्यांवरून काढावी लागते.

हे पुरावे तीन प्रकारचे आहेत. पहिला मुद्रालेख व केशरचना यांतील बदल. दुसरा ठशांची साखळी : एकाच ठशाने पाडलेली नाणी शोधून त्यांचा क्रम लावता येतो. मार्टिन बेकमन यांनी इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थोरल्या फॉस्टिनावरील ग्रंथात या पद्धतीचा पद्धतशीर उपयोग केला आहे. तिसरा आणि अत्यंत मोलाचा पुरावा म्हणजे पुरून ठेवलेले निधी. एखाद्या निधीतील सर्वांत अलीकडचे सम्राटाचे नाणे निश्चित करता आले, की त्यातील सम्राज्ञीची नाणी त्या काळापर्यंत प्रचारात आली होती हे सिद्ध होते.

बल्गेरियातील रेका देव्हन्या येथे इ.स. १९२९ मध्ये सापडलेला निधी याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात एक लाखाहून अधिक रौप्य नाणी होती. त्यांपैकी सुमारे ८१ हजार नाण्यांची प्रकारवार मोजदाद इ.स. १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या सम्राज्ञीची नाणी किती प्रमाणात व कोणत्या चिन्हांची पाडली गेली, याविषयीचे आजचे विवेचन मोठ्या अंशी या मोजदादीवर उभे आहे. रोमच्या टांकसाळीतील कामाचा एक ठरावीक हिस्सा सम्राज्ञीच्या नाण्यांसाठी राखून ठेवला जात असावा, हा तर्कही अशा निधींमधील प्रमाणावरूनच मांडला गेला. हाच निधी जर गुपचूप वाटून विकला गेला असता, तर प्रत्येक नाणे कोणाच्या तरी पेटीत सुरक्षित राहिले असते; परंतु हे ज्ञान मात्र कायमचे नाहीसे झाले असते.

संग्रहातील धोके

सम्राज्ञींच्या नाण्यांची माला पूर्ण करू पाहणाऱ्या संग्राहकाला दोन्ही फॉस्टिना, ज्यूलिया डॉम्ना, ज्यूलिया मामिया यांची नाणी सहज मिळतात. अडचण येते ती अल्पकाळच्या राजवटींतील स्त्रियांबाबत. उदाहरणार्थ, इ.स. १९३ मध्ये डिडियस ज्यूलियानस केवळ ६६ दिवस सम्राट होता. त्याची पत्नी मॅन्लिया स्कँटिला व कन्या डिडिया क्लारा यांची नाणी त्यामुळे दुर्मीळ आहेत. मालेतील अशा रिकाम्या जागा भरण्याच्या ओढीतूनच बनावट नाणी आणि चोरटे उत्खनन यांना बाजारपेठ मिळते.

बनावटगिरी नवी नाही. विकोने इ.स. १५५५ च्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात नाण्यांतील फसवणुकीची चर्चा केली होती. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कारागिराने स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांच्या अनुकृती पाडल्या. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर जोडाची रेषा किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात; पण ठोकून पाडलेली अनुकृती ओळखण्यास तज्ज्ञाची नजर लागते. याखेरीज तांब्यावर चांदीचा पत्रा चढविलेली प्राचीन काळातील खोटी नाणीही आढळतात. ती खोटी असली तरी प्राचीन असल्याने अभ्यासाला उपयुक्तच ठरतात.

रासायनिक परीक्षणही जपून करावे लागते. हिणकस चांदीच्या नाण्याच्या पृष्ठभागावर चांदीचे प्रमाण गाभ्यापेक्षा अधिक असते. त्यामुळे केवळ पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून काढलेला कस फसवा ठरतो. केव्हिन बुचर व मॅथ्यू पाँटिंग यांनी नाण्याच्या गाभ्यातील सूक्ष्म नमुने घेऊन जे विश्लेषण केले, त्यामुळे पूर्वीचे अनेक आकडे बदलावे लागले.

भारतीय संदर्भ

दक्षिण भारतात रोमन नाणी विपुल सापडली आहेत. त्यांतील रौप्य नाण्यांत ऑगस्टस व टायबीरियस यांच्या डिनारियसांचे प्राबल्य आहे. टायबीरियसच्या नाण्यावरील आसनस्थ स्त्री ही लिव्हिया मानली, तर भारतीय भूमीत सर्वाधिक संख्येने आलेली रोमन सम्राज्ञी तीच ठरते. तेर, कोंडापूर यांसारख्या सातवाहनकालीन स्थळी रोमन नाण्यांच्या, गळ्यात घालण्याजोग्या मातीच्या अनुकृतीही मिळाल्या आहेत. परदेशी नाण्यावरील मुद्रेला अलंकाराचे रूप देण्याची ही वृत्ती आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेतही दिसते. नीरोने कस व वजन घटविल्यानंतर पाडलेली रौप्य नाणी भारतात क्वचितच आली. त्यानंतरच्या आयातीत सुवर्णनाण्यांना अधिक महत्त्व होते. म्हणून फॉस्टिना किंवा ज्यूलिया डॉम्ना यांचा डिनारियस ‘येथल्याच शेतात सापडला’ असे कोणी सांगितल्यास त्याची अधिक चौकशी करणे इष्ट ठरते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोचा १९७० चा करार मार्गदर्शक असून भारताने त्यास १९७७ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनने वेगळा मार्ग अनुसरला. १९९६ च्या कायद्यानंतर १९९७ पासून तेथे सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली आणि त्यातून लाखो वस्तूंचे स्थळ-संदर्भ जतन झाले.

संग्राहकासाठी व महाविद्यालयांसाठी पथ्ये

अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीदाखल आलेली नाणी असतात. त्यांत रोमन नाणे असो वा नसो, पुढील नोंदी प्रत्येक नाण्याबाबत ठेवाव्यात.

१. वजन (ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत), व्यास व धातू.
२. दोन्ही बाजूंचे मुद्रालेख जसेच्या तसे. अस्पष्ट अक्षरांची जागा वेगळी दाखवावी.
३. दोन्ही बाजूंच्या आकृतींचे वर्णन, केशरचनेसह.
४. दोन्ही ठशांच्या दिशांचा परस्परसंबंध.
५. प्रमाणित सूचीतील क्रमांक. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचीचे खंड १९२३ पासून प्रसिद्ध होत आले असून त्यावर आधारित सूची आता संगणकावर विनामूल्य पाहता येते.
६. नाणे कोणाकडून, केव्हा व कोणत्या कागदपत्रांसह आले याची नोंद. सापडल्याचे स्थळ माहीत असल्यास ते.
७. दोन्ही बाजूंची छायाचित्रे.

यांपैकी सहावी नोंद सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेक वेळा रिकामी राहणारी आहे. पहिल्या पाच नोंदी कोणताही जाणकार नंतर करू शकतो. सहावी नोंद देणगी स्वीकारतानाच केली नाही, तर पुन्हा करता येत नाही. नाणे घासून चकचकीत करणे कटाक्षाने टाळावे. पूर्वेतिहास सांगता न येणारे नाणे कितीही दुर्मीळ असले तरी विकत घेऊ नये. अध्यापनासाठी मूळ नाण्याऐवजी उत्तम छायाचित्रे व प्रमाणित प्रतिकृती पुरेशा असतात. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या केंद्रांना विद्यार्थ्यांच्या भेटी योजल्यास मूळ नाणी कशी हाताळावीत याचेही शिक्षण मिळेल.

निष्कर्ष :

१. सम्राज्ञींची रौप्य नाणी हे त्यांच्या सत्तेचे प्रमाण नसून राजवंशाने त्यांच्या कन्या, पत्नी व माता या नात्यांचा जो राजकीय उपयोग केला त्याचे प्रमाण आहे.
२. थोरल्या फॉस्टिनाचे मरणोत्तर देवत्व, धाकट्या फॉस्टिनाचे मातृत्व आणि ज्यूलिया डॉम्नाच्या पदव्या यांत शासकीय निवेदन व प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर स्पष्ट दिसते.
३. सम्राज्ञींच्या नाण्यांवर वर्षनिदर्शक पदे नसल्याने त्यांचा काळ ठरविण्यासाठी निधी व स्थळ-संदर्भ यांची गरज सम्राटांच्या नाण्यांहून अधिक असते. म्हणून संदर्भहीन संग्रहाने सर्वाधिक हानी याच नाण्यांच्या अभ्यासाची होते.
४. मालेतील मोकळ्या जागा भरण्यापेक्षा जवळ असलेल्या नाण्याची पूर्ण नोंद करणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य आहे.

ज्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द जवळजवळ उरलेले नाहीत, त्यांच्याविषयी इतरांनी पाडलेली ही लहानशी चांदीची चकती बोलते. ती कोठून आली हे सांगणारा कागद सोबत राहिला, तर पुढच्या अभ्यासकाला तिचे बोलणे पडताळून पाहता येईल. तो कागद जपणे ही संग्राहकाइतकीच महाविद्यालयांचीही जबाबदारी आहे.